हवेची गादी

सईने ती गादी निवडायला महिना घेतला आणि मी ती एका दुपारात फोडली. मुद्दाम नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी आमच्या घरात तिघांनाही हाच प्रश्न पडला होता, आणि त्या तिघांत मीही होतो.

सई माझी मुलगी. इथेच श्रीवर्धनातल्या एका शाळेत शिकवते आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढते. दोन वर्षांपूर्वी ती एका सुळक्यावरून पडली. मणक्याला चीर गेली. कित्येक महिने मधल्या खोलीत पलंगावर होती. कुशीवर वळायचं तरी मी किंवा तिची आई, अनुसूया, कोणीतरी धरून वळवावं लागायचं. त्यातून ती उठली, काठी टाकली, शाळेत जायला लागली, आणि मग बाईसाहेबांनी काय केलं, तर हिमालयातल्या एका शिखरावर जाणाऱ्या गटात नाव घातलं. तेही दिवाळीच्या सुट्टीत. माझं डोकं फिरलं. ‘तिथे काय पुरून ठेवलंयस?’ असं मी तिला विचारलं. त्यावर ती फक्त हसली, आणि ती हसली की माझा राग आणखीच वाढतो.

डॉक्टर माझ्या बाजूने बोलतील असं वाटलं होतं, पण त्यांनीही जाऊ दे म्हटलं. एकच सांगितलं, की झोप नीट झाली पाहिजे. पाठ सपाट हवी आणि उबेत हवी. एक रात्र वेडीवाकडी झोपली की सईची कंबर धरते आणि सकाळी तिला चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नाही. गटाची म्होरकी साक्षी म्हणून एक मुलगी आहे, नाशिकची. तिने फोनवर स्पष्ट बजावलं होतं. ‘पहिल्या मुक्कामाला पाठ धरली तर सईला हमालासोबत खाली पाठवणार. तिथे माझ्याशी वाद घालायचा नाही.’ सईने कबूल केलं. म्हणजे शिखर राहिलं बाजूला, सगळा प्रश्न झोपण्याचा होता.

अंथरूण आपलं आपणच वाहायचं आणि तेही सॅकच्या आत बसवायचं. बाहेर काही लटकवायचं नाही, कारण अरुंद वाटेवर बाहेरचं ओझं कातळाला घासतं आणि तोल जातो. त्यामुळे आमच्या पडवीत महिनाभर गाद्यांचं प्रदर्शन भरलं. पहिली आली ती फोमची, घडी घालायची. फुटायची भीती नाही, वजन नाही, मला तीच पसंत होती. पण ती बोटभर जाडीची होती आणि सॅकमध्ये काही केल्या मावेना. दुसरीच्या पोटात स्पंज होता. तोंड उघडलं की आपली आपण फुगायची. तिच्यावर अनुसूयेने दुपारची झोप काढली आणि उठल्यावर ‘हीच घे’ म्हणाली. सुपारी तोलायच्या काट्यावर घातली तर किलोच्या वर भरली, आणि गुंडाळी केली तरी निम्मी सॅक तिनेच खाल्ली. तिसरी ही हवेची. गुंडाळली की सोललेल्या नारळाएवढी, वजन अर्धा किलोसुद्धा नाही, आणि फुगवली की चार बोटं जाड.

‘हवेवर झोपणार तू?’ मी म्हटलं. ‘टाचणी लागली की संपलं.’

‘टाचणी कोण नेतंय तिथे, बाबा?’

‘मग दगड लागेल.’

‘त्याला खाली कापड असतं. आणि ऐका, हिच्या पोटात चंदेरी पापुद्रा आहे. थंडी वरून नाही लागत एवढी, खालून लागते. बर्फ अंगातली ऊब ओढून घेतो. फोमवर मी सकाळी काठीसारखी ताठ झालेली असेन.’

‘मग जाऊ नकोस.’

आमची सगळी भांडणं याच वाक्यावर येऊन थांबत होती. पुढे आठवडाभर ती त्या हवेच्या गादीवर मधल्या खोलीत जमिनीवर झोपली. सकाळी उठायची, भिंतीला हात न लावता वाकायची, पायाची बोटं धरायची. मी पेपरच्या आडून बघायचो. गादी चांगली होती हे मला तेव्हाच कळलं होतं, पण तोंडाने कोण कबूल करतो? बाकीच्या दोन्ही तिने कुरियरने परत पाठवल्या.

निघायच्या आदल्या दिवशी ती आणि अनुसूया डॉक्टरांचा दाखला आणायला म्हसळ्याला गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने सई मुंबईला आणि तिथून रेल्वेने पुढे, असं ठरलेलं होतं. मी घरी एकटा. दसरा झाला की आमच्याकडे अंथरुणं उन्हात पडतात. चार महिन्यांच्या ओलीने कापूससुद्धा कुबट होतो, म्हणून गाद्या, गोधड्या, उश्या, सगळ्यांना ऊन दाखवायचं. ते काम दरवर्षी माझं. मी एकेक करून सगळं गच्चीवर नेलं, आणि शेवटी मधल्या खोलीत ती हवेची गादी पडलेली दिसली. वाकून वास घेतला. कुबट वास येत होता. आठवडाभर तोंडाने फुंकलेली, आत ओल धरणारच. मला एकदम वाटलं, महिनाभर आपण पोरीशी नुसते भांडलो, निदान तिच्या अंथरुणाला ऊन तरी दाखवू.

ती फुगवलेलीच होती. मी हवा सोडली नाही. कापसाची गादी आपण काठीने झोडून मोकळी करतो, तेव्हा कुठे तिच्या पोटापर्यंत ऊन पोचतं. इथे गादी आयतीच फुगलेली होती. बरं झालं, असं मनाशी म्हणत मी ती स्लॅबवर इतर गाद्यांच्या रांगेत पसरली, एक बाजू तापल्यावर परतायची असं ठरवलं आणि बागेत पोफळींना पाणी लावायला गेलो.

परत वर आलो तेव्हा गादीच्या मधोमध कलिंगडाएवढा फुगा आला होता. मला काही उमजेना. मी जवळ गेलो आणि माझ्या डोळ्यांसमोर आत काहीतरी फट् झालं आणि फुगा आणखी लांबला. मग डोक्यात प्रकाश पडला. उन्हाने हवा तापली, तापून फुगली, आणि वरचं-खालचं कापड धरून ठेवणारे पोटातले जोड पटापट सुटत गेले. मी तिला ओढत जिन्यात सावलीत आणली, तोंड उघडलं, हवा गेली. थोडा वेळ थांबलो. देवाचं नाव घेऊन परत फुंकली. फुगा परत आला, तिथेच, तेवढाच. भोक असतं तर सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणलं असतं. पण बाहेरून गादी धडधाकट होती, जे गेलं होतं ते आतलं.

आता पुढचं सांगतो. मला वाईट वाटलं, हो, पण त्याच्या आधी, क्षणभर का होईना, बरं वाटलं. या गादीवर सई एक रात्रसुद्धा झोपू शकणार नाही. पहिल्या मुक्कामाला कंबर धरेल, साक्षी तिला खाली पाठवेल, आणि दिवाळीत पोरगी घरी असेल, हाडं शाबूत. मी काही केलंच नव्हतं. आपोआप झालं होतं. फक्त गप्प बसायचं.

मी गादीतली हवा पिळून काढली, तिची घट्ट गुंडाळी केली, तिच्या पिशवीत भरली, पिशवीची नाडी ओढली आणि सईच्या सॅकशेजारी ठेवून दिली. हात धुतले. पडवीत येऊन बसलो.

दारात रिक्षा थांबली. सई उड्या मारतच आत आली. दाखला मिळाला होता. ‘बाबा, डॉक्टर म्हणाले, आता माझ्या पाठीपेक्षा तुमचीच पाठ वाईट आहे,’ असं म्हणाली आणि तशीच सामान भरायला बसली. मी पडवीतून उठून मधल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. आत जाववेना आणि तिथून हलवेनाही.

‘माझी मॅट कुठाय?’

‘गुंडाळून ठेवलीय,’ मी म्हटलं.

तिने पिशवी उचलली, हातात फिरवून पाहिली. ‘तुम्ही गुंडाळलीत?’ तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. ‘आई, बघ गं. माझ्यापेक्षा छान गुंडाळलीय. मला एवढी लहान कधी जमली नाही.’

स्वयंपाकघरातून अनुसूया म्हणाली, ‘वितळले वाटतं एकदाचे.’

सईने पिशवी सॅकच्या तळाशी घातली. वर स्लीपिंग बॅग दाबली. त्यावर लोकरी कपडे, मोजे, औषधांचा डबा. प्रत्येक वस्तू आत गेली की ती गुडघ्याने दाबत होती, आणि मला वाटत होतं आता बोल, आता बोल, अजून वर काढणं सोपं आहे. अनुसूयेने लाडवांचा डबा आणून दिला. तोही गेला. सई हे सगळं करताना बोलत होती. दुसऱ्या मुक्कामावरून शिखर दिसतं म्हणे. तिथून व्हिडिओ कॉल लागत नाही, पण ती फोटो काढून ठेवणार होती. ‘तुम्हाला दाखवेन, बाबा. तुम्ही बघायचं नाही म्हणालात तरी दाखवेन.’ तिने सॅकचं तोंड आवळलं आणि पाठीवर घेण्यासाठी पट्ट्यात हात घातला.

मी डोळ्यांसमोर आणलं ते एवढंच. बर्फावरचा तंबू, तंबूत ही फुंकतेय, आणि मधोमध तो फुगा. तिला तिथेच कळणार. एकटीला कळणार. आणि मी इथे पडवीत बसलेला असणार.

‘सई, ती फुटलीय,’ मी म्हटलं.

‘काय फुटलंय?’

‘गादी.’

तिने एकेक करून सगळं सामान पुन्हा बाहेर काढलं, पिशवी उघडली, गादी जमिनीवर पसरली आणि फुंकायला लागली. अनुसूया पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. गादी उचलली गेली, सरळ झाली, आणि मग मधून ते कलिंगड वर आलं. सईने तरीही दोन फुंका मारल्या. मग गादीचं तोंड बंद केलं.

‘उन्हात ठेवलीत?’

‘सगळ्या गाद्यांना ऊन दाखवलं. हिलाही दाखवलं. कुबट वास येत होता गं.’

‘फुगवलेली?’

‘हो.’

तिने मान हलवली. ते तिला पटलं, हे मला दिसलं. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं, पण ती माझ्याकडेच बघत होती. ‘आणि मग पिशवीत घातलीत.’

मी मान डोलावली.

‘मी बॅग भरताना तुम्ही इथेच उभे होतात, बाबा. मला सांगणार होतात की नाही?’

खोटं बोलायला अजूनही जागा होती. सांगणारच होतो, धीर होत नव्हता, असं म्हणता आलं असतं, आणि अनुसूयेने ते खरंही मानलं असतं. मी म्हटलं, ‘नव्हतो सांगणार.’

‘अहो!’ अनुसूया ओरडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ‘तिची पाठ तिथे मोडली असती म्हणजे?’

‘म्हणूनच तर,’ मी म्हणालो. ‘मोडू नये म्हणूनच.’ बोलताना माझं मलाच कळलं की हे काहीच्या बाही आहे.

सई उठली आणि फोन घेऊन मागच्या दारी गेली. ती साक्षीशी बोलत होती. अनुसूया माझ्याकडे न बघता लाटायला गेली. मी त्या फुगलेल्या गादीपाशी उभा. हातून घडलेल्या चुकीचा राग पोरीला आला नव्हता, राग आला होता तो गप्प बसण्याचा. सई परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज शाळेतला होता.

‘मॅट नसेल तर येऊ नको म्हणाली साक्षी. मुंबईत घ्यायला वेळ नाही, उतरल्यावर लगेच गाडी आहे. तळे गावात ऋत्विक म्हणून एक जण आहे, गेल्या वर्षी तो होता गटात. त्याच्याकडे दोन आहेत. हवी ती न्या म्हणाला.’

तळं काही शेजारी नाही. म्हसळ्यापर्यंत जायचं आणि तिथून पुढे तेवढंच. त्या रस्त्यावर मोटरसायकलवर मागे बसली असती तर सईची कंबर आजच धरली असती.

‘मी जाते,’ अनुसूया पदर खोचत म्हणाली. ‘शिंद्यांच्या रिक्षाने जाते. यांना नको पाठवू.’

‘नको,’ सई म्हणाली. ‘बाबाच जातील.’

‘अगं, पण हे…’

‘बाबाच जातील, आई. मला कुशीवर वळवायचे ते. मी कशी झोपते ते त्यांना माहीत आहे.’ मग माझ्याकडे वळून, ‘दोन्ही फुगवून बघा. स्वतः झोपून बघा. आणि एक घेऊन या.’

मी मोटरसायकल काढली. वाटेत मला सारखा राग येत होता. साक्षीचा, त्या गादी बनवणाऱ्यांचा, म्हसळ्याच्या पुढच्या खड्ड्यांचा, पोरीचा. एवढं झाल्यावर ही मलाच का पाठवते? सूड उगवतेय का? दोनांतली वाईट उचलली की झालं, कोणाला कळणारही नव्हतं. ‘मला हीच बरी वाटली’ एवढं म्हटलं की संपलं. हा विचार मी ओढून आणला नव्हता, तो आपसूक मागच्या सीटवर बसून आला होता आणि तळ्यापर्यंत उतरला नाही.

ऋत्विक भला पोरगा. त्याने दोन्ही गाद्या ओटीवर काढून ठेवल्या होत्या. त्याची आई, जनीबाई, चहा घेऊन आली. एक गादी जाड, नवीकोरी, मऊ. दुसरी जुनी, तिच्या एका कोपऱ्याला हिरवं ठिगळ.

‘काका, ही नवीच न्या,’ ऋत्विक म्हणाला. ‘ठिगळवाली टिकेल, मी तिच्यावरच सगळा ट्रेक काढला. पण नवी ती नवी.’

मी चप्पल काढून नव्या गादीवर आडवा झालो. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, खालचा हात डोक्याखाली. सई अशीच झोपते. जनीबाई चहाचा कप धरून माझ्याकडे बघत राहिली. सुरुवातीला फार सुख वाटलं. मी जागचा हललो नाही. हळूहळू कंबर खाली जायला लागली, खांदा वर राहिला आणि मधे पाठीला बाक आला. चहा थंड होईपर्यंत मी तसाच होतो, आणि उठताना माझ्याच तोंडून आई गं निघालं. नवीकोरी, चांगली दिसणारी गादी. ही नेली असती तर मला कोणी काही म्हटलं नसतं.

मग ठिगळवालीवर झोपलो. ती कडक होती, अंग टाकल्यावर कुरकुरली. ठिगळाला कान लावला. फुस्स नाही, काही नाही. कुशीवर झालो, डोळे मिटले, आणि कंबर जमिनीला लागायची वाट बघायला लागलो. लागू दे, असंही मनात म्हणालो असेन.

‘अरं ऋत्विक, ह्ये पाव्हणं निजलं व्हय?’ या आवाजाने मला जाग आली.

मी धडपडून उठलो. अंगणातलं ऊन गेलं होतं. दुपारपासून जीव टांगणीला लागलेला माणूस मी, परक्याच्या ओटीवर, परक्याच्या गादीवर घोरत पडलो होतो. ऋत्विक ओठ दाबून हसत होता. मी पाठीवरून हात फिरवला. काहीही दुखत नव्हतं. गादीवर तळवा दाबून पाहिला. जेवढी फुगवली होती तेवढीच होती. या गादीवर सई झोपेल. सकाळी भिंतीला हात न लावता वाकेल, सॅक उचलेल आणि वर जाईल. तिला खाली पाठवायला साक्षीला काही कारण मिळणार नाही. मला हुंदका आला, पण जनीबाईसमोर मी तो खोकल्यात घालवला.

‘ही नेतो,’ मी म्हटलं.

‘ठिगळवाली? काका, नक्की?’

‘ही बांधून दे लवकर, बाबा,’ मी त्याच्यावर खेकसलो. ‘मला परत जायचंय.’

घरी पोचलो तेव्हा जेवणं खोळंबली होती. सई पायरीवर बसली होती. मी पिशवी तिच्या हातात दिली आणि ती फुगवील म्हणून बाजूला उभा राहिलो. तिने ती तशीच शेजारच्या सॅकच्या तळाशी घातली. नाडीसुद्धा सोडली नाही.

‘अगं, फुगवून बघ की. ठिगळ आहे तिला.’

‘तुम्ही झोपून बघितलंत?’

‘झोप लागली मला तिथे.’

तिने माझ्याकडे पाहिलं. अनुसूयाही ताटं घेता घेता थांबली. ‘मग बस झालं,’ सई म्हणाली आणि स्लीपिंग बॅग वर दाबायला लागली.

‘तरीपण एकदा बघ,’ मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. ‘दुपारी मी काय केलं ते विसरलीस? बघ उघडून. माझ्या सांगण्यावर काय जातेस?’

लोकरी कपडे, मोजे, औषधांचा डबा, लाडू. तिने सॅकचं तोंड आवळलं. मी पायरीवर बसलो. दुपारी गच्चीवरही मी एवढा घाबरलो नव्हतो.